मधला भोपळा

आमच्या शेडमधले सोपाननाना दारवटकर कुणालाही एका हाकेत बोलावत नाहीत. त्यांना तीन हाका लागतात, आणि त्यातली मधली भोपळ्याची असते.

"शेटे!"

"ओ, नाना."

"भोपळा!"

इथं आपण गप्प बसायचं. मान खाली घालून हातातलं काम करत राहायचं, जणू ऐकलंच नाही.

"शेटे!"

"ओ."

"हां. चा सांगितलाय, या."

एवढं सगळं एका चहासाठी. गेली चौदा वर्षं मी दिवसातून दहा-वीस वेळा हे करतो आहे. सुरुवातीला हसू यायचं, मग राग यायचा, आता काहीच येत नाही. नवा माणूस मात्र दचकतो. मागे एक कुरिअरवाला नावालाही "ओ" म्हणाला आणि भोपळ्यालाही "ओ" म्हणाला. नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पार्सल टेकवून सही न घेताच निघून गेला.

"ह्यो इसवासाचा न्हाई," नाना म्हणाले. "कशालाबी ओ देतो."

मी शेटे. राहायला भोरला, नोकरीला कापूरहोळला. महामार्गाला लागून आमची पत्र्याची शेड आहे. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला मिसळीचा ढाबा, मध्ये आम्ही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जी यंत्रं असतात, म्हणजे दुधाचं वजन करणारी, फॅट दाखवणारी, सभासदाच्या नावाची पावती काढणारी, त्यांचे आतले बोर्ड आम्ही बनवतो आणि बिघडले की दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं माझी यातच गेली. सकाळची एसटी, दिवसभर महामार्गाचा धुरळा, संध्याकाळची एसटी. कंबर दुखते, डोळ्यांना चष्म्याचा नंबर दरवर्षी नवा लागतो, आणि घरी गेल्यावर बायको काही विचारते ते मला दुसऱ्यांदा ऐकू येतं.

यंत्राची वरची बाजू माझी आहे. पडद्यावर काय दिसायचं, पावतीवर काय छापायचं, ते मी बघतो. खालची बाजू नानांची. खालची म्हणजे अगदी खालची, बटण दाबल्यानंतरचे पहिले काही क्षण, जेव्हा आत कुणीच कुणाला ओळखत नसतं.

हे जरा सांगायला हवं, नाहीतर नाना कळणार नाहीत. बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो, पण मेमरी जागी झालेली नसते. दोघांच्या मध्ये मेमरी कंट्रोलर नावाचा एक मध्यस्थ बसलेला असतो, आणि तो रोज सकाळी कोरा असतो. त्याला आधी पढवावं लागतं: मेमरी केवढी आहे, तिच्याशी किती वेगानं बोलायचं, विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबायचं, आणि किती वेळानं तिला हलवून जागं ठेवायचं, कारण हलवलं नाही तर ती सगळं विसरते. हे पढवण्याचं काम बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्राम करतो. आता प्रोग्राम म्हटला की त्याला पसरायला मेमरी लागते, आणि मेमरीच तर अजून उठायची आहे. किल्ली घरात राहिली असताना बाहेरून कुलूप काढायचं, तसा हा प्रकार. नाना चाळीस वर्षं हेच एक कुलूप काढत आले आहेत.

नाना एकसष्ट वर्षांचे आहेत. वेल्ह्याच्या डोंगरात कडेवाडी नावाची एक वाडी आहे, तिथला जन्म. डिप्लोमा केला, पुण्यातल्या एका कंपनीत लागले, परदेशी प्रोसेसरांची उशीएवढी जाड इंग्रजी पुस्तकं वाचून पचवली, आणि बोलणं मात्र वाडीतलं होतं तेच ठेवलं. गुडघे बिघडल्यावर, चौदा वर्षांपूर्वी, पुण्याहून इकडे आले. शेडमागच्या खोलीत एकटे राहतात आणि सुट्टीला मोटरसायकलवरून वाडीकडे जातात.

आमच्याकडे तीन घराण्यांचे प्रोसेसर येतात. जुन्या यंत्रांत पॉवरपीसी, मधल्यांत आर्म आणि नव्यांत रिस्क-फाइव्ह. तिघांच्या घरी मेमरी उठवण्याची रीत निराळी, आणि नाना तिघांशी निराळ्या भाषेत बोलतात. पॉवरपीसीला "अहो". "म्हातारबुवा लई सोज्वळ," ते म्हणतात. "मेमरी उठस्तवर सवताच्या कॅशमधली, म्हंजी घरच्या बारक्या मेमरीतली, वसरी मोकळी करून देत्यात. म्हनत्यात, बसा हितं, करा तुमचं काम." आर्मला "अरे". "ह्याच्याकडं येगळी पडवी हाय, पन एवढीशी. पाय पसरला की भित्ताडाला लागतो. अंग चोरून बसावं लागतंय." आणि रिस्क-फाइव्हला चक्क "बाळा". "ह्याच्या घरी अजून कुनी काय ठरवलंच न्हाई. कागूद वाचाया घ्यावा तर अर्धी पानं म्हनत्यात, नंतर सांगू."

यंत्र सुरू झालं का, असं नाना कधी विचारत नाहीत. "ओ आली का?" असं विचारतात. प्रोसेसरनं मेमरीला हाक मारायची, मेमरीनं ओ द्यायची, मग पुढचा संसार. त्यांच्या हातून उठलेली मेमरी पडद्यावर पहिलं अक्षर उमटवते तेही रोमन लिपीतलं ओ. त्यावरून किकवीच्या बाजूच्या एका केंद्रचालकानं मला चार वेळा फोन केला होता. "साहेब, अजून किटलीचं झाकन काढलं न्हाई, तवर मशीन शून्य दावतंय." मी त्याला चारही वेळा समजावलं. पाचव्यांदा फोन आला तेव्हा मी म्हणालो, बरोबर आहे, शून्यच आहे, दूध ओता.

हा ओचा आणि भोपळ्याचा खेळ यंत्रापुरता राहिला असता तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण नाना तो जगभर खेळतात. कर्ज हवंय का असं विचारणारे फोन येतात, तेव्हा ते पलीकडच्या बाईला मध्येच तोडून "भोपळा!" असं ओरडतात. बाई थबकली तर माणूस आहे, मग दोन शब्द बरे बोलतात. बोलतच राहिली तर ध्वनिमुद्रण आहे, मग फोन टेबलावर उताणा ठेवून तिला बोलू देतात. भोरच्या आठवडे बाजारात त्यांनी भाजीवालीला हाक मारली, "मावशी!", मग "भोपळा!", मग पुन्हा "मावशी!", तर तोवर तिनं पाव भोपळा कापून तोलायलाही टाकला होता. कापलेला परत कसा करायचा, म्हणून नानांनी घेतला. मग पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात. मावशीला वाटतं, या माणसाला भोपळा जीव की प्राण. नानांच्या डब्यात बारा महिने भोपळ्याची भाजी असते आणि एकट्याला ती संपत नाही म्हणून आम्ही सगळे खातो. मला भोपळा आवडत नाही. हे मी चौदा वर्षांत त्यांना सांगू शकलेलो नाही.

त्यांचं लग्नही यातच राहिलं. हे मला त्यांच्या पारूवहिनींनी सांगितलं, म्हणजे चुलतभावाच्या बायकोनं. खाली पानशेतच्या बाजूला मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोहे घेऊन आली, पाटावर बसली. मंडळी म्हणाली, काही विचारायचं असेल तर विचारा. नानांनी हाक मारली, "शालन!" मुलगी बिचारी हळूच "जी" म्हणाली. नाना म्हणाले, "भोपळा!" मुलगी अंगानं जरा भरलेली होती. पुढचं सांगायला नको. नाना अजूनही म्हणतात, "पोरगी चांगली व्हती. भोपळ्याला बोलली न्हाई." तिचे भाऊ बोलले, आणि बरंच बोलले.

नानांच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे ते भोपळाही विसरतात. कडेवाडी उंचावर आहे. वीस-पंचवीस घरं, दारात दोन-दोन, तीन-तीन म्हशी. दूध द्यायचं तर पहाटे डोक्यावर किटल्या घेऊन दरीकडेच्या पायवाटेनं बायामाणसांनी खाली सडकेला यायचं. वाट अशी, की एका पायाखाली दगड आणि दुसऱ्या पायाखाली काहीच नाही. पुढे वळसा घालून वर कच्चा रस्ता झाला, तेव्हापासून नाना एकाच मागणीसाठी डेअरीच्या पायऱ्या झिजवत होते: संकलन केंद्र वाडीत द्या, टेम्पो वर येऊ द्या. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नाही. या वर्षी डेअरी एकदाची हो म्हणाली, पण परीक्षेपुरतं. महिनाभर यंत्र खंड न पडता चाललं तर टेम्पो कायमचा वर, नाहीतर पुन्हा किटल्या आणि पायवाट. केंद्र पारूवहिनींनी आपल्या ओसरीवर घेतलं. यंत्र अर्थातच आमच्या शेडचं, म्हणजे वाडीच्या भाषेत नानांचं.

आणि त्या यंत्राची माती मी केली.

नवे बोर्ड उठायला अकरा सेकंद लागायचे. डोंगरात वीज सारखी जाते-येते, प्रत्येक वेळी रांगेतल्या माणसांनी अकरा सेकंद उभं राहायचं. आमचे मालक बबनराव म्हणाले, "शेटे, ह्ये अकरा सेकंद कमी करा राव." नानांना विचारलं तर ते म्हणाले, "जागं व्हायला टाइम लागतोच. तुमाला किती लागतो?" पुढे बोलणंच नाही. मग पितृपंधरवडा आला. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, तिथीला नाना दरवर्षी दोन दिवस रजा घेतात, ती घेतली. वाडीतले लोक सांगतात की तिथंही त्यांचं तेच असतं. पानाला पहिला कावळा शिवला तरी ते उठत नाहीत. दुसरं पान वाढतात आणि पुन्हा थांबतात.

ते रजेवर असताना मी त्यांचा प्रोग्राम उघडला. आत पुन्हा पुन्हा तेच होतं. मेमरीत एका जागी एक आकडा लिहायचा. मग भलत्याच जागी जाऊन शून्य लिहायचं. मग थांबायचं. मग पहिल्या जागी परत येऊन बघायचं, आपला आकडा अजून आहे का. शून्य लिहिणाऱ्या प्रत्येक ओळीशेजारी नानांनी एकच शब्द शेरा म्हणून लिहिला होता: भोपळा.

मला वाटलं, म्हाताऱ्याची खोड यंत्रात उतरली. त्या दिवशी कंबर फार दुखत होती आणि पाचची एसटी गाठायची होती. मी सगळे भोपळे काढले, थांबणंही काढलं. यंत्र तीन सेकंदांत उठलं. पडद्यावर ओ आली, मेमरी पुरी आहे असंही आलं. बबनरावांनी सगळ्यांना मिसळ सांगितली. बारा यंत्रं टेम्पोत चढली आणि वेल्ह्याच्या बाजूला गेली, त्यातलं एक कडेवाडीला. नाना आले तेव्हा मी त्यांना काही बोललो नाही. सांगू, सांगू म्हणत राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नानांचा मोबाईल वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"पारूवयनी!"

"ओ."

"भोपळा!"

"भाऊजी, भोपळा घाला चुलीत! तुमचं मशीन इपरीत वागतंय."

"काय झालं?"

"पयल्या पंधरा-वीस जनांचं बराबर निघतंय. मंग हौसाबाई आली की अडाकतंय. तिच्यामागनं कुनीबी दूध घालू द्या, पावती हौसाबाईचीच. तिच्या म्हशी दोन, आन् कागदावर तिनं तळंभर दूध घातलंय. बाया भांडाया लागल्या. मंग मशीन पार बंदच पडलं. टेम्पोवाला म्हनतोय, उद्याच्याला नीट झालं न्हाई तर म्या वर येनार न्हाई, तुमी खाली या."

नानांनी फोन ठेवला. मग हातातला पेचकसही खाली ठेवला.

"शेटे," ते म्हणाले, एकदाच, "मशीन सवताचाच आवाज ऐकाय लागलंय."

मला अर्थ कळला नाही, पण मी काढलेले भोपळे आठवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्या मोटरसायकलवरून निघालो. दोघांना घेऊन ती वरचा चढ चढत नाही, म्हणून पायवाट जिथं सडकेला मिळते तिथं तिला लावली आणि दुधाच्या टेम्पोनं वळसा घालून वर गेलो. पारूवहिनींनी त्या सकाळचं दूध मापानं घेतलं, वहीवर लिहिलं आणि टेम्पो घाईघाईनं लावून दिला. मग सगळी वाडी ओसरीभोवती जमली. नानांनी लॅपटॉप जोडला. यंत्र सांगत होतं, माझ्याकडे मेमरीच्या दोन चिपा आहेत. नानांनी झाकण काढलं. चीप एकच होती. दुसरी जागा कोरी होती. त्या खेपेला बाजारात टंचाई होती म्हणून काही बोर्डांवर एकच बसवली होती, आणि एक असो की दोन, यंत्रानं उठताना आपलं आपण ओळखायचं होतं.

नानांनी पडद्यावर माझा बदललेला प्रोग्राम वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शेटे, मधला भोपळा कुठं गेला?"

"मी काढला, नाना."

"का?"

"मला वाटलं, तुमची सवय आहे नुसती."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओसरीच्या कडेला बसून ते लहान पोराला सांगावं तसं मला सांगू लागले. "तारंत आवाज घटकाभर ऱ्हातो, शेटे. रिकाम्या जागी हाक मारली आन् लगीच कान दिला, तर तारंतला आपलाच आवाज माघारी येतो. यंत्राला वाटतं, ओ आली. म्हून मधी भोपळा म्हनायचा. पयला आवाज तारंतनं पुसला पायजे. मंग थांबायचं आन् इचारायचं. तिथं कोन आसंल तर त्येच्या ध्यानात ऱ्हातंय, त्यो बराबर सांगतो. कोन नसंल तर भोपळाच परत येतो."

म्हणजे पहिल्या चिपेत मावतील तेवढी माणसं यंत्रानं नीट लक्षात ठेवली होती. हौसाबाईनंतरची सगळी माणसं त्यानं जिथं कुणीच नाही तिथं लिहिली, आणि वाचायला गेल्यावर तारेत राहिलेलं शेवटचं नाव ऐकलं. तिथं कुणी नाही हे त्याला कळलंच नाही. कळू द्यायची जी एक ओळ होती ती मी काढली होती.

"किती सेकंद वाचलं?" नानांनी विचारलं.

"आठ."

"आठ," ते म्हणाले आणि मान हलवून कामाला लागले.

भोपळे पुन्हा जागेवर बसले. यंत्र अकरा सेकंदांनी उठलं आणि म्हणालं, माझ्याकडे एकच चीप आहे. म्हणजे ती भरली, की आधीची नावं साठवणीच्या कार्डावर उतरवून जागा मोकळी करायची, हे आता त्याला कळलं. खात्री करायला दूध शिल्लक नव्हतं, म्हणून नानांनी वाडीला पाणी आणायला सांगितलं. सगळ्या बाया किटल्यांत पाणी घेऊन रांगेला लागल्या. जिच्या तिच्या नावाची पावती निघाली. पाण्याला फॅट कुठली, प्रत्येकीच्या पावतीवर फॅटच्या रकान्यात शून्य. हौसाबाईंनी पावती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाल्या, "सोपान, समद्यांना भोपळाच दिलास की रं!" त्या दिवसात मी पहिल्यांदाच हसलो. पारूवहिनींनी टेम्पोवाल्याला फोन लावून दिला. संध्याकाळी तो वर यायला कबूल झाला.

उरलेली अकरा यंत्रं खालच्या गावांत होती, ती त्याच दिवशी उघडून बघायला हवी होती. संध्याकाळच्या टेम्पोपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. नाना म्हणाले, "पायवाटंनं उतरू." माझी कंबर, त्यांचे गुडघे. बॅग त्यांनीच घेतली.

निम्म्या वाटेवर एका वळणाला ते थांबले. खाली दरी, समोर उभा कडा.

"आबा हितनं दूध न्यायचं," ते म्हणाले. "म्या सातवीला व्हतो. एक दिस उन्हं वर आली तरी आबा माघारी आलं न्हाईत. आईनं म्हनलं, वळनावरनं हाक मार. म्या मारली. आबा ओऽऽ आशी. लगीच ओ आली." त्यांनी समोरच्या कड्याकडे हात केला. "म्या घरी पळत ग्येलो. म्हनलं, आबा येत्यात, भाकरी टाक. आईनं भाकरी टाकली. निवली. दुसरी टाकली."

मग तोच हात त्यांनी खाली दरीकडे वळवला.

"आबा त्या टायमाला त्या तिथं खाली पडल्यालं व्हतं. दुपारी गुराख्यांना घावलं, तवर धुगधुगी व्हती म्हनत्यात. म्या लगीच खाली ग्येलो असतो तर..." त्यांनी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ओ माझीच व्हती, शेटे. माझ्या हाकंचं शेपूट त्ये. मला तवा कुठं ठावं, मधी भोपळा म्हनायचा."

एवढं बोलून ते चालायला लागले. मी तिथंच उभा राहिलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. चौदा वर्षं मी त्या माणसाच्या तीन हाकांना कंटाळत होतो, आणि ते चौदा वर्षं दर वेळी खात्री करून घेत होते की मी खरोखर तिथं आहे.

मग मीही निघालो, पण पाय चालेनात. उतारावर कंबर धरली. एका दगडावर बसलो. नाना पुढच्या वळणाआड गेले होते. तिकडून हाक आली.

"शेटे ओऽऽ!"

मला धाप लागली होती. तोंड उघडेपर्यंत समोरच्या कड्यावरून लांबलेली "ओऽऽ" उमटली, आणि मला वाटलं, चला, माझ्या वाटची ओ गेली. मी इतका थकलो होतो की मला खरंच तसं वाटलं. मी गप्प बसलो.

"भोपळाऽऽ!"

कड्यानं भोपळाही परत दिला. मग काहीच नाही. तिसरी हाक आलीच नाही. दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि गुडघे बिघडलेले नाना हातापायांवर त्या चढणीनं वर येताना दिसले. बॅग कुठंतरी टाकून दिली होती. टोपी नव्हती. माझ्यापुढे येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"ओ द्यायला काय झालतं तुमाला?"

"ओ," मी म्हणालो. "ओ, नाना. आहे मी इथं."

त्यांनी माझं मनगट धरलं. वाटेत टाकलेली बॅग त्यांनी दुसऱ्या हातानं उचलली. सडकेवरच्या मोटरसायकलीपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि त्या सगळ्या वाटेत एकदाही भोपळा म्हणाले नाहीत.